आईसोबत जुम्मा तलावावर

माझ्या आईचे माहेर नागपूरच्या गणेशपेठेतले. आग्यारामदेवीच्या देवळाकडून आत वळून दोन गल्ल्या ओलांडल्या की आजोबांचे घर लागत असे आणि त्या घराच्या गच्चीवर टाचा उंचावून उभे राहिले, तर मधल्या कौलांच्या वरून जुम्मा तलावाच्या पाण्याची एक अरुंद पट्टी दिसत असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मावस-मामे भावंडे तिथे जमायचो तेव्हा भर दुपारी गल्लीत खेळण्यापासून रात्री उशिरापर्यंत गच्चीवर गप्पा मारण्यापर्यंत सगळ्याची मोकळीक होती. वर्ज्य होता तो फक्त तलाव. "तिकडे जायचं नाही," हे आजी अशा आवाजात सांगायची की त्यावर 'का' असे विचारायची कुणाची छाती होत नसे. त्यामुळे तो तलाव माझ्यासाठी गच्चीवरून पाहायची वस्तू होऊन बसला. आई तर त्याच तलावाच्या काठाने रोज शाळेत गेलेली. लग्न होऊन ती पश्चिम नागपुरात आली, त्यानंतरच्या जवळजवळ पन्नास वर्षांत माहेरी जाता-येता त्या रस्त्याने शेकडो वेळा गेली असेल, पण काठावर बसल्याचे तिला एकदाही आठवत नाही.

तलावाच्या काठाचे काम गेल्या काही वर्षांपासून टप्प्याटप्प्याने चालले आहे, आता तिथे सकाळ-संध्याकाळ लोक फिरायला जातात, असे कळल्यापासून आईला एकदा तिथे न्यायचे माझ्या मनात होते. शेवटी संक्रांतीनंतरचा रविवार ठरला. थंडी अजून होती, आईने स्वेटरवरून शाल घेतली होती आणि पर्समध्ये तिळाच्या लाडवांची पुडी ठेवली होती, कारण माहेरच्या वस्तीत रिकाम्या हाताने जायचे नसते.

आम्ही सुभाषनगर स्थानकावरून मेट्रो धरली. नागपूरकरांना हे नव्याने सांगायला नको, पण सुभाषनगर सोडल्यावर गाडी अंबाझरी तलावाच्या कडेने जाते तेव्हा डब्यातली बहुतेक माणसे मोबाईलवरची नजर काढून खिडकीकडे वळतात. सकाळच्या धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. अंबाझरी म्हणजे या शहराच्या नळाच्या पाण्याची सुरुवात. १८७० च्या सुमारास इथून गावात पाणी नेले गेले, आणि लाव्याच्या टेकड्यांकडून येणारी नाग नदी याच तलावातून पुढे शहरात शिरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे थोड्या तासांत झालेल्या मुसळधार पावसाने हाच तलाव भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांमध्ये झोपलेल्या लोकांच्या घरांत पाणी शिरले. आईच्या एका मैत्रिणीच्या घरात त्या दिवशी कमरेइतके पाणी होते. तिच्या लग्नातल्या फोटोंचा अल्बम आम्ही पुढे चार दिवस पानापानाने उन्हात वाळवला होता. गाडीतून तलावाकडे पाहताना आई हळूच म्हणाली, "किती शांत दिसतो गं हा!" मला ठाऊक होते, तिला तो अल्बम आठवत होता. आपण ज्या तलावाकडे जात आहोत तोही याच नदीच्या खोऱ्यातला आहे, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे आम्ही चाललो होतो ती वाट साधारणपणे पाण्याचीच वाट आहे, असे मला वाटत राहिले.

कॉटन मार्केट स्थानकावर उतरून आम्ही चालत निघालो. भाजीबाजाराची सकाळची घाई ओसरत आली होती, हातगाड्यांवर मेथीच्या आणि सांबाराच्या जुड्या उरल्या होत्या. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर.) सुभाष रोडला लागल्यावर उजव्या-डाव्या अंगाच्या दुकानांच्या पाट्या वाचत आई जुन्या खुणा शोधत होती, आणि एका वळणावर समोर अचानक मोकळे आकाश आले. गजबजलेल्या वस्तीत चालताना एकाएकी आकाश मोठे झाले की समजावे, जवळ पाणी आहे.

या तलावाला तीन नावे आहेत आणि तिन्ही अजून बोलण्यात आहेत, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास बारा लहान वस्त्या एकत्र करून नागपूर वसवले, आणि त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी इथे आणून गावाभोवती तट बांधला. गावाला पाणी हवे म्हणून त्याच्याच काळात हा तलाव झाला, तो जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून पुढे शुक्रवारी तलाव. नंतर त्याचे नाव गांधीसागर झाले. आता कागदोपत्री आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी 'गांधीसागर', वयस्कर माणसांच्या तोंडी 'जुम्मा', आणि भोवतालच्या पेठांच्या नावांत 'शुक्रवारी' असे तिन्ही काळ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. नामांतराने जुने नाव पुसले जाते असे आपण समजतो, पण इथे लोकांनी नवे नाव स्वीकारताना जुनी दोन्ही सोडली नाहीत. आई तर एकाच वाक्यात दोन नावे वापरते: "गांधीसागरला उतरा आणि जुम्मा तलावाच्या काठाने चालत या," असे ती पाहुण्यांना फोनवर सांगत आली आहे.

तलाव साधारण आयताकृती आहे, चारही बाजूंनी दगडी भिंतीने बांधलेला, आणि मधोमध एक लहान बेट आहे, त्यावर झाडी आणि महादेवाचे देऊळ. नव्या कामात काठाने चालायला फरसबंद वाट केली आहे, कठडे नवे आहेत, दिवे आहेत, बाकडी आहेत. हे सगळे मी पाहिले आणि मला बरे वाटले, पण आई जिथे थांबली ती जागा वेगळी होती. नव्या बांधकामाला लागूनच जुन्या भिंतीचा एक भाग तसाच उघडा होता, आणि ती कठड्यावरून वाकून त्या दगडांकडे बघत उभी राहिली. काळ्या दगडाचे घडीव चिरे, एकावर एक सांधे चुकवून बसवलेले. सांध्यांतला चुना काही ठिकाणी झिजून आत गेलेला आणि त्या फटींमध्ये हाताच्या नखाएवढ्या पानांची एक वेल रुजलेली. पाण्याच्या पातळीच्या खुणा भिंतीवर आडव्या पट्ट्यांसारख्या उमटल्या होत्या, वरची पट्टी पांढुरकी, त्याखालची हिरवट, त्याखालची काळी, जणू भिंतीने प्रत्येक पावसाळ्याची नोंद ठेवली होती. एका चिऱ्यावर छिन्नीचे तिरपे घाव अजून स्पष्ट दिसत होते. एवढ्या वर्षांत पाण्याला ते पुसता आले नव्हते. शेजारच्या नव्या, गुळगुळीत, एकसारख्या राखाडी भिंतीकडे पाहून आई म्हणाली, "हीसुद्धा जुनी होऊ दे, मग छान दिसेल." मला वाटते, नव्या बांधकामाबद्दल एवढी उदार टिप्पणी मी आजवर ऐकलेली नाही.

आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. ही गिरणी तलावापासून अगदी हाकेच्या अंतरावर होती, आणि या तलावाचा तिच्या जन्माशी संबंध आहे हे आजोबांकडूनच मी पहिल्यांदा ऐकले. जमशेटजी टाटांनी नागपुरात गिरणी काढायचे ठरवले तेव्हा त्यांना मिळालेली जमीन जुम्मा तलावाजवळची दलदलीची होती, आणि ती भर घालून पक्की करावी लागली. गावातल्या एका सावकाराने, हा माणूस मातीत सोने ओततो आहे असे म्हणून, भांडवल द्यायचे नाकारले. पुढे गिरणी भरभराटीला आली तेव्हा त्यानेच कबूल केले की त्यांनी माती घातली आणि सोने काढले, अशी गोष्ट सांगितली जाते. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली म्हणून तिचे नाव एम्प्रेस. आजोबा ही गोष्ट सांगताना सावकाराच्या भागावर कधी रेंगाळत नसत. त्यांचे मन दलदलीत अडकलेले असे. ते म्हणायचे, "आमची गिरणी तलावाच्या ओलीवर उभी आहे." पाळी बदलण्याचा भोंगा झाला की आजी चहाचे आधण ठेवायची, आणि भोंग्याचा आवाज पाण्यावरून येतो म्हणून आमच्या गल्लीत जास्त स्पष्ट ऐकू येतो, असे घरात सगळे मानत. या शतकाच्या सुरुवातीला गिरणी कायमची बंद झाली. आजोबांना ते पाहावे लागले नाही. तिच्या जमिनीवर आता मॉल आणि निवासी इमारती आहेत, आणि काठावर उभे राहून त्या दिशेला पाहिले तर आई अजूनही चिमणी शोधते.

आता ज्या गोष्टीमुळे आम्हाला तिकडे जायची मनाई होती, त्याबद्दल लिहायला हवे, कारण ती टाळून या तलावाबद्दल लिहिणे खोटे ठरेल. नागपुरात ज्यांची हयात गेली त्यांना हे माहीत आहे. आयुष्याला कंटाळलेली, कर्जाने, आजाराने किंवा घरच्या त्रासाने खचलेली कितीतरी माणसे या काठावर येऊन परत गेली नाहीत. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी यायची आणि त्यात तलावाचे नाव असायचे. हळूहळू तलावाचे नावच त्या बातमीचा समानार्थी शब्द झाला. घरात कुणी रागाने काही बोलले तर दुसरे माणूस त्या नावाने घाबरायचे. मग लोकांनी तिथे बसणे सोडले, मुलींना तिथून एकटे जाऊ देणे सोडले, तलावाकडे उघडणाऱ्या खिडक्या बंद राहू लागल्या, दुकानांच्या पाठी तलावाकडे आल्या, आणि काठ जसजसा निर्मनुष्य होत गेला तसतसा तो दुःखी माणसाला अधिक सोयीचा होत गेला. आजीच्या आवाजात जी कडक भीती होती तिच्यामागे तिच्या ओळखीतली एक सून होती, हे आईने मला त्या दिवशी, काठावर बसल्यावर, पहिल्यांदा सांगितले. तपशील मी लिहिणार नाही. पण त्या काळी तिथे एक बाकडे असते, बाकड्यावर दोन म्हातारी माणसे असती, शेजारी शेंगदाणे विकणारा असता, तर कुणीतरी त्या मुलीला "काय झालं बाई?" असे विचारले असते, असे आई म्हणाली, आणि मग बराच वेळ गप्प राहिली.

मला या नव्या काठाबद्दल जे सांगायचे आहे ते एवढेच आहे, आणि ते मी आईच्या त्या वाक्यावरून शिकले. काठाची शोभा दिव्यांवर आणि फरशीवर ठरत असेल, पण काठाचे खरे काम माणसांना तिथे थांबवणे हे आहे. जिथे माणसे थांबतात तिथे कुणाचे तरी कुणाकडे लक्ष असते. आम्ही बसलो होतो तेवढ्या दोन तासांत मी मोजत होते: सायकल शिकणारा मुलगा आणि त्याच्यामागे धावणारे त्याचे वडील, गुडघ्याला पट्टे बांधून हळूहळू फेरी मारणारे एक काका, वही घेऊन पाठांतर करणाऱ्या दोन मुली, बुरख्यातल्या तिघी-चौघी बायका आणि त्यांच्या कडेवरची पोरे, ड्युटी संपवून बस येईपर्यंत पाय मोकळे करणारा एस. टी.चा एक वाहक. चहाच्या टपरीवाल्याला आईने विचारले, पूर्वी इथे एवढी माणसे येत होती का? तो म्हणाला, "नाही जी काकू, आता बसून राहिले लोकं. आधी तर सहाच्या नंतर कोणी फिरकत नव्हतं." मग त्याने आपणहून सांगितले की कुणी एकटेच, खूप वेळ, फोन न पाहता कठड्याशी उभे दिसले तर तो चहाच्या निमित्ताने त्याच्याशी बोलायला जातो. असे करायला त्याला कुणी नेमलेले नाही. एवढ्या खर्चाच्या कामात या माणसाच्या टपरीला कायमची जागा मिळावी, एवढीच माझी इच्छा आहे, कारण सुशोभीकरणात सगळ्यात आधी हलवल्या जातात त्या टपऱ्याच.

पाण्याबद्दल मात्र मला काळजी वाटते. बाकड्याशेजारी एक कुटुंब मुरमुऱ्यांची पाकिटे आणि ब्रेड घेऊन आले होते, आणि त्यांची लहान मुलगी तुकडे टाकू लागताच पाण्यात एकदम खळबळ उडून करड्या पाठींचे मासे वर आले. ती मुलगी इतकी आनंदली होती की मला तिला काही बोलवेना, पण तिच्या आईशी मी बोलले, आणि तिने ते नीट ऐकून घेतले. अशा बांधीव तलावात पाणी फारसे वाहत नाही. जे पडते ते तळाशी बसते. ब्रेड, फुले, निर्माल्य हे सगळे कुजताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू वापरतात, आणि त्यातून सुटलेल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजते. शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू देते खरे, पण रात्री तेच प्राणवायू घेते, त्यामुळे पहाटेच्या वेळी पाण्यात तो सर्वांत कमी उरतो. अशा सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ वासताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, मासे भुकेले आहेत आणि खायला मागत आहेत, म्हणून तो आणखी ब्रेड टाकतो. वास्तविक ते श्वास घेण्यासाठी धडपडत असतात. नागपूरच्या मे महिन्यात पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. तळ्यात मेलेल्या माशांचा थर दिसतो तो बहुतेक अशाच दिवसांत. त्या बाईने उरलेला ब्रेड पिशवीत परत ठेवला आणि मुलीला म्हणाली, "मासोळ्यांचं पोट भरलं, आता आपण खाऊ." एवढे समजावून सांगणारी एखादी पाटी, मोठ्या अक्षरांत आणि सोप्या मराठी-हिंदीत, त्या जागी असायला हवी.

गणपती विसर्जनाची आठवण निघाली ती यावरूनच. आईच्या लहानपणी घरचा गणपती याच तलावात विसर्जित होत असे, शाडूचा, वीतभर उंचीचा. मामा पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरून तीनदा मूर्ती बुडवून वर काढायचा आणि चौथ्या वेळी हात रिकामे यायचे. तो रिकामा हात पाहून आई दरवर्षी रडायची. पुढे मूर्ती मोठ्या झाल्या, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या झाल्या, रंग चकाकते झाले, आणि दुसऱ्या दिवशी काठाशी न विरघळलेले हात आणि मुकुट तरंगू लागले. आता शहरातल्या तलावांत विसर्जन बंद आहे, त्या दिवसांत जागोजागी कृत्रिम टाक्या ठेवतात. आईला हा निर्णय मनापासून पटलेला आहे; "देवाला निरोप द्यायचा तो स्वच्छ पाण्यात," असे ती म्हणते. तिची तक्रार एकच आहे, आणि ती मला रास्त वाटते: विसर्जन बंद झाले ते ठीक, पण त्यासोबत पाण्यापर्यंत उतरण्याचीही सवय मोडली. नव्या काठावर पाणी दिसते, पण पाण्याला हात लावता येत नाही. सुरक्षिततेसाठी कठडा हवाच, आधी लिहिले आहे त्यानंतर मी तो नको असे कसे म्हणेन? तरी एखाद्या कोपऱ्यात, रखवालदाराच्या नजरेखाली, पाच-सहा रुंद पायऱ्या आणि उथळ पाणी असे काही करता आले, तर इथल्या मुलांना तलाव हाताने कळेल.

दुपार व्हायच्या आत आम्ही महाल या जुन्या वस्तीकडे निघालो. टिळक पुतळ्यावरून पुढे गेले की रस्ते अरुंद होतात आणि माणसांचे आवाज जवळ येतात. जुन्या तटाचा जुम्मा दरवाजा, म्हणजे आताचे गांधी गेट, आणि त्याच्याजवळचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा इथे उभे राहिले की तलावाचे आणि या दाराचे नाव एकच का, हे आपोआप लक्षात येते: दाराच्या आत गाव, दाराबाहेर गावाचे पाणी. नकाशावर हे कितीदा तरी पाहिले होते. पण तलावावरून चालत चालत दारापर्यंत आल्यावर ते पायांना समजले. सुशोभीकरणाच्या आराखड्यांत बहुधा तलाव एकटाच काढलेला असतो, भोवती रिकामी जागा सोडून. या तलावाला भोवतालच्या पेठांपासून वेगळे करता येत नाही, ही गोष्ट त्या आराखड्यात दिसायला हवी. तलाव ते गांधी गेट हा रस्ता म्हाताऱ्या माणसाला निर्धास्त चालता येईल असा झाला, तर काठाला दहापट माणसे येतील. आज तिथे आईचा हात मी एकदाही सोडू शकले नाही, कारण पदपथ जिथे आहे तिथे त्यावर गाड्या उभ्या आहेत.

जुनी शुक्रवारी पतंगांसाठी प्रसिद्ध. संक्रांत होऊन गेली तरी दुकानांत फिरक्या आणि उरलेले पतंग टांगलेले होते, आणि गच्च्यांवरून अधूनमधून "ओऽऽ पार!" अशी आरोळी येत होती. नागपूरच्या संक्रांतीची ही आरोळी ऐकली की मला आजोबांची गच्ची आठवते. सकाळी तलावाच्या काठावरच्या झाडांतही कापलेले पतंग अडकलेले पाहिले होते. त्यांपैकी एकाच्या दोऱ्याला एक पांढरे पीस चिकटून वाऱ्याने फिरत होते. तो दोरा नायलॉनचा होता. २०१७ पासून देशभर नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो येतो कुठून हा प्रश्न दरवर्षी पडतो. तलावावर बगळे, पाणकावळे, खंड्या हे पक्षी उतरतात, आणि पाण्यावरून झेपावणाऱ्या पक्ष्याला तो बारीक, न तुटणारा धागा दिसतच नाही. सुती दोऱ्याला काच लावून घरी मांजा सुतणारी माणसे याच वस्तीत होती. आईचा एक चुलत भाऊ त्यात तरबेज होता, त्याची बोटे संक्रांतीपर्यंत चिंध्यांनी बांधलेली असायची.

एका लहानशा दुकानात आम्ही तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वरून कांदा आणि शेव. आईने तर्री अर्धी मागितली आणि शेवटी दुसऱ्यांदा मागून पूर्ण केली. मग आम्ही मागे वळून गणेशपेठेत, आजोबांच्या गल्लीत गेलो. घर नाही, हे ठाऊक होते. तिथे आता चार मजली इमारत आहे. पण तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंनी आईची माहिती विचारली, तिळाचा लाडू हातात घेतला, आणि आम्हाला गच्चीवर नेले. चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून तलाव पट्टीसारखा दिसत नाही, पूर्ण दिसतो. बेट, देऊळ, चारही भिंती, पलीकडच्या बाजूला रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणाचा घुमट. सी. व्ही. रामन वित्त खात्यात नोकरीला असताना काही काळ नागपुरात होते, म्हणून त्यांचे नाव या केंद्राला शोभते, असे मी आईला सांगत होते, पण तिचे लक्ष नव्हते. ती काठावर चालणाऱ्या ठिपक्यांसारख्या माणसांकडे बघत होती.

परतीच्या मेट्रोला वेळ होता म्हणून चारच्या सुमारास आम्ही पुन्हा काठावर आलो. ऊन तिरपे झाले होते. एक त्रासाची गोष्ट इथे नमूद करते: नव्याने लावलेली झाडे अजून खांद्याइतकी आहेत आणि सावली देणारी जुनी झाडे थोड्याच ठिकाणी आहेत, त्यामुळे जानेवारीतल्या दुपारीदेखील आम्हाला बाकडे बदलावे लागले. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला गेल्यावर, संध्याकाळी सहापर्यंत इथे कुणी बसू शकेल असे वाटत नाही. कडुनिंब, करंज आणि पिंपळ ही आपल्याकडे हमखास टिकणारी झाडे आहेत. त्यांना आळे करून पहिली तीन वर्षे पाणी घातले, तर पुढच्या पिढीला छत्री लागणार नाही. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह जवळ हवे. म्हाताऱ्या आईला घेऊन आलेल्या कोणत्याही मुलीला विचारा, ती सगळ्यात आधी हेच सांगेल.

आईने शेवटी जे बाकडे निवडले ते बेटाच्या बरोबर समोरचे होते. तिने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि मांडी घालून बसली, जशी ती घरच्या झोपाळ्यावर बसते. तिथूनच तिने वर्ध्याला, धाकट्या मावशीला फोन लावला. मावशीला आता कमी ऐकू येते म्हणून आईने फोन स्पीकरवर ठेवला होता आणि मोठ्याने बोलत होती.

"कुठे आहेस गं?" मावशीने विचारले.

"जुम्मा तलावावर बसली आहे."

पलीकडे काही क्षण आवाजच आला नाही. मग मावशी एकदम घाबऱ्या स्वरात म्हणाली, "तलावावर? सोबत आहे ना कोणी?"

आईने काठावरून नजर फिरवली. काका चौथी फेरी मारत होते, पाठांतर करणाऱ्या मुली वही मिटून भुट्टा खात होत्या, सायकल शिकणारा मुलगा सकाळी गेला होता आणि आता दुसराच एक शिकत होता.

"आहेत," आई म्हणाली. "पुष्कळ जण आहेत."